बॅटरीची नाडी पाहणारा महाराज

कोलकात्यात, बेहालाला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी क्लबचं पटांगण आहे. त्या रविवारी दुपारी तिथं दीड-दोनशे माणूस जमलं होतं आणि जवळजवळ प्रत्येकाच्या हातात एकेक बॅटरी होती. टॉर्चमधली नव्हे, बिनवायरच्या ड्रिलला खालून खटकन बसवतात ती, काळी, जाडजूड, अर्ध्या विटेएवढी. सुतार, ग्रिलवाले, फॉल्स सीलिंगवाले, अशी सगळी हातावर पोट असलेली मंडळी बॅटरी छातीशी धरून रांगेत उभी होती. विश्वकर्मा पूजा तीन दिवसांवर आली होती. दुर्गापूजेच्या आत घर नीट करून घ्यायची इथं प्रत्येकाला घाई, त्यामुळे कामाचा नुसता रेटा होता. आणि नेमक्या याच दिवसांत बॅटऱ्या दगा देत होत्या. अशात बातमी आली की मेलेल्या बॅटरीत प्राण फुंकणारा एक महात्मा आपल्याच क्लबात उतरलाय.

विद्युतानंद महाराज त्याचं नाव. भगवी लुंगी, गळ्यात रुद्राक्षाबरोबर तांब्याच्या तारेची माळ, डोळ्यांवर वेल्डिंगवाल्यासारखा काळा चष्मा. पुढ्यात मातीची मोठी परात, तिच्यात गंगेची ओली माती.

"ड्रिल कशावर फिरतो?" महाराजांनी माइकवर विचारलं.

"बॅटरीवर!" गर्दी ओरडली.

"बॅटरीत काय असतं?"

कुणीतरी शहाणा म्हणाला, "लिथियम!"

"लिथियम कंपनी भरते. प्राण कोण भरतो? कुमारटुलीचा कुंभार मूर्ती घडवतो. पण प्राणप्रतिष्ठा झाल्याशिवाय ती देवी होते का? नाही ना? मग तुमच्या बॅटरीची प्राणप्रतिष्ठा कुणी केली? कुरिअरवाल्यानं?"

गर्दी खदखदून हसली आणि त्याच हसण्यात त्याची झाली.

आमचा मोठा मिस्त्री तारापद मंचावर गेला. आमच्या यजमानांचा, भालचंद्रांचा, फर्निचरचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड आणि नऊ माणसं. तारापद तिथं वीस वर्षं आहे. तो कामावरून तसाच उठून आला होता. त्यानं आपली बॅटरी मंचावरच्या चार्जरमध्ये बसवली. चार्जर लाल लुकलुकला. बॅटरी घेईना.

महाराजांनी ती तळहातावर घेतली, बोटं दाबून डोळे मिटले. "नाडी लागतेय. प्राण आहे, पण घाबरलाय."

मग बॅटरी केळीच्या पानात गुंडाळून ओल्या मातीत निजवली आणि मंत्र सुरू झाले. "ॐ ह्रीं अँपिअराय स्वाहा! ॐ क्लीं व्होल्टेश्वराय नमः!" तब्बल पाऊण तास. मग बॅटरी काढून, पुसून पुन्हा त्याच चार्जरमध्ये बसवली. दिवा हिरवा! चार्जिंग सुरू! तारापदनं तिथंच मंचावर लोटांगण घातलं.

खोटं कशाला सांगू, फुलं घेऊन घरी निघाले होते, पण तिथं थांबून मीही तेव्हा हात जोडले.

*

मी देवाचं करणारी बाई आहे. सकाळची माळ झाल्याशिवाय चहा घेत नाही, सोमवार, संकष्टी, सगळं नेमानं पाळते. म्हणून पुढं जे घडलं त्याचा मला जास्त मनस्ताप झाला.

सोमवारी सकाळी तारापद निरोप घेऊनच आला. कारखान्यातली माणसं मला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणतात. चप्पल दाराबाहेर काढून, मान खाली घालून म्हणाला, "बौदी, दादांना सांगा, महाराज बुधवारी पूजेला आपल्या कारखान्यात येतील. सगळ्या हत्यारांची प्राणप्रतिष्ठा करतील. पण त्याआधी दोष काढायला हवा."

"कसला दोष?"

तो घुटमळला. "महाराजांनी विचारलं, तुमच्या बॅटऱ्या कधीपासून मरतायत? मी म्हटलं, चैत्रापासून. मग विचारलं, चार्जिंगला कोण लावतं? मी म्हटलं, कादंबरी. ते म्हणाले, तिच्या हातात शाँखा आहे का?"

शाँखा म्हणजे इथल्या सवाष्णींच्या हातातली शंखाची पांढरी बांगडी. कादंबरीच्या हातात ती नाही. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी गेला. ती आमच्याकडे चैत्रात लागली. लाकूड घासते, पॉलिश करते, आणि कारखान्याची किल्ली तिच्याकडे असते म्हणून दुपारी आणि संध्याकाळी बॅटऱ्या चार्जिंगला लावायचं कामही तिच्याचकडे.

"अरे, तारापद, तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

"माझं काही नाही, बौदी. पण पोरं म्हणतात, तिनं लावलेली बॅटरी आम्ही घेणार नाही. आणि तुम्हीच एवढं देवाचं करता, तुम्हाला सांगायला हवं का?"

हे वाक्य मला फार लागलं. मी देवाचं करते म्हणून या अन्यायालाही मान डोलवायची!

माझ्या यजमानांना सांगितलं, तर ते वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "पूजेपर्यंत तिला रजा देऊ. मग बघू."

"मग बघू म्हणजे काय? तिला काढणार?"

"सुनीती, पूजेआधी तीन स्वयंपाकघरं बसवून द्यायची आहेत. पोरं काम टाकून बसली तर मी काय करू? मला का हे पटतंय?"

"पटत नाही तर तसं सांगा ना त्यांना!"

"तू सांग," ते म्हणाले आणि पान उलटलं.

कारखान्यात गेले तर कादंबरी एका कपाटाचं दार घासत होती. मी काही बोलायच्या आतच म्हणाली, "ऐकलंय मी, बौदी. नवरा गेला तेव्हा सासरचे म्हणाले, नवऱ्याला खाल्लंस. तेव्हा गप्प बसले. आता हे म्हणतात, बॅटरी खाल्लीस. उद्या बेहालाची मेट्रो बंद पडली तरी माझ्याच पोटात शोधतील." तिनं सँडपेपर पालटला. "पण किल्ली अशीच नाही देणार मी. ज्याला हवी त्यानं समोर येऊन मागावी, आणि का मागतोय तेही मला सांगावं."

बुधवारच्या आत खरं कारण सापडलं नाही तर ही बाई कपाळावर शिक्का घेऊन बाहेर पडणार, आणि असल्या शिक्क्यासकट तिला दुसऱ्या कुठल्या कारखान्यात कोण ठेवणार?

*

माझी लेक श्रुती अकरावीत आहे. जन्म इथलाच, मराठी तशी मोडकी, पण डोकं साफ. त्याच संध्याकाळी ती म्हणाली, "आई, आपण बघायला जाऊ. आपली ती मेलेली बॅटरी पण नेऊ."

कारखान्यातल्या प्रत्येक बॅटरीच्या बुडाला तारापदनं पांढऱ्या रंगानं नंबर घातलेत. सात नंबरची महिनाभर कोपऱ्यात पडून होती. चार्जरला लावली की लाल-हिरवा आळीपाळीनं लुकलुके, म्हणजे खराब. ती घेऊन आम्ही रांगेत उभ्या राहिलो. तारापद तिथंच व्यवस्था बघत होता. एका दिवसात शिष्य झाला होता!

महाराजांनी सात नंबर तळहातावर घेतली, क्षणभर बोटं दाबली आणि परत केली. "नाडी नाही. हा जीव गेला. माई, गेलेल्याला परत आणणं हे विधात्याच्या नियमाबाहेर आहे."

तारापद माझ्याकडे बघून हळहळला.

पण श्रुती घरी यायला तयार होईना. ती मंचाजवळ उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या बॅटऱ्यांना हात लावत होती. "काका, केवढी जड आहे हो? बघू?" तासाभरानं आली ती रागानं लाल होऊन.

"आई, तो सगळ्यांची नाही घेत. जी गरम आहे, तीच घेतो. थंड असली की 'जीव गेला'. सोळामधली पाच थंड होती, पाचीच्या पाची परत दिली."

"म्हणजे?"

"म्हणजे नाडी कसली बघतो? ताप बघतो! कामावरून काढलेली बॅटरी कढत असते. कढत बॅटरीला चार्जर घेतच नाही, तो थांबतो. निवली की घेतो. हा पाऊण तास तिला ओल्या मातीत निववतो आणि वरून ते अँपिअराय!"

"तुला कसं माहीत, चार्जर थांबतो ते?"

"माहीत नाही. वाटतं. बघायला पाहिजे ना."

मला तिचं हे उत्तर फार आवडलं. महाराजांना सगळं माहीत होतं आणि सोळा वर्षांची पोर म्हणते, बघायला पाहिजे.

*

मंगळवारी दुपारी आम्ही कारखान्यात गेलो. पोरं जेवायला गेली होती. श्रुतीचा बेत साधा होता. मेलेली सात नंबर कढत करायची आणि बुधवारी महाराजांच्या हातात द्यायची. नाडी लागली असं म्हणाले तर पकडले गेलेच. पण बॅटरी तापवायची कशी? आगीजवळ नेणं धोक्याचं.

कादंबरी सहज म्हणाली, "देवाच्या कपाटात ठेव ना. दुपारी तिथं सगळंच तापतं. चार्जिंगला लावलेली बॅटरी काढताना माझा हात पोळतो रोज."

मी कपाटाकडे वळून बघितलं.

ते कपाट मी करून घेतलं होतं.

गुढीपाडव्याला. आधी चार्जर खिडकीखालच्या फळीवर असत, भुशानं माखलेले. मला वाटलं, हत्यारं म्हणजे लक्ष्मी, तिची अशी हेळसांड बरी नाही. म्हणून पश्चिमेच्या भिंतीला, उंच, पत्र्याला टेकेल असं देवाचं कपाट करवलं. भुसा जाऊ नये म्हणून काचेची घट्ट दारं. लाकडाच्या कारखान्यात तेलाचा दिवा नको म्हणून आत चाळीसचा पिवळा बल्ब, नंदादीप, अखंड. आणि विश्वकर्म्याच्या पायाशी दोन्ही चार्जर. रोज सकाळी मी येऊन बल्बला आणि चार्जरला हळदकुंकू वाहत असे.

स्टुलावर चढून मी काचेचं दार उघडलं. आतून भट्टीसारखी झळ तोंडावर आली. वर तापलेला पत्रा, आत बल्ब, चार्जर स्वतः तापलेले, आणि वारा शिरायला फट नाही. कामावरून आधीच कढत झालेली बॅटरी आम्ही आणून त्यात कोंडत होतो.

श्रुतीनं एक चार्जर काढून हातात घेतला. वरच्या बाजूला माझ्या कुंकवाचा जाड थर. तिनं ओल्या फडक्यानं पुसला. खाली एक लहानसं चित्र निघालं: लुकलुकणारा लाल दिवा, आणि शेजारी तापमापक.

"आई," ती हळूच म्हणाली, "इथं लिहिलंच होतं."

चैत्रात कादंबरी आली आणि चैत्रातच माझं कपाट आलं. सगळ्यांना कादंबरी दिसली. कपाट कुणालाच दिसलं नाही, कारण त्यात देव होता.

मी तिला म्हटलं, "कादंबरी, बॅटऱ्या मी मारल्यात गं."

तिनं श्रुतीच्या हातून चार्जर घेऊन ते चित्र बघितलं. मग म्हणाली, "हे उद्या सगळ्यांसमोर म्हणाल, बौदी?"

*

बुधवारी, इथल्या विश्वकर्मा पूजेच्या रिवाजाप्रमाणे, आकाशभर पतंग होते. कारखाना धुऊन-पुसून स्वच्छ. हत्यारं हारांत. आजूबाजूच्या शेडमधलीही माणसं आलेली. विद्युतानंद महाराज दोन शिष्यांसह आले आणि दारातच थांबले. "दोष अजून आत आहे," कादंबरीकडे बोट करून म्हणाले.

"असू दे," मी म्हटलं. माझा आवाज मुळात बारीक. मला स्वतःलाच नीट ऐकू आला नाही. पुन्हा म्हटलं, "असू दे! आधी नाडी बघा. मग दोषाचं बोलू."

पहाटेपासून कपाटात दोन बॅटऱ्या ठेवल्या होत्या, बल्ब चालू ठेवून. श्रुतीनं दोन्ही बाहेर काढल्या, नंबर खाली करून. दोन्ही चटका बसेल इतक्या तापलेल्या. पहिली चार्जरला लावून दाखवली: लाल लुकलुक. ती तिनं काढून बाजूच्या खिडकीत, वाऱ्यावर ठेवली. दुसरी महाराजांच्या हातात दिली.

बोटं दाबली गेली. डोळे मिटले. "आहे! प्राण आहे! धडधडतोय!"

"नक्की?" श्रुतीनं विचारलं.

"बेटी, साठ हजार बॅटऱ्यांना जीवदान दिलंय या हातांनी."

"तारापदकाका, ती उलटी करून बघा."

तारापदनं बॅटरी उलटी केली. स्वतःच्याच हातानं रंगवलेला सात त्याला दिसला. "महाराज... ही तर परवा तुम्हीच... जीव गेला म्हणालात ना?"

"त्या वेळी प्राण सुप्त होता!"

"ठीक आहे," माझे यजमान एकाएकी पुढं होऊन म्हणाले. दोन दिवस मग-बघू-मग-बघू करणारा हा माणूस अखेर बोलला! "माती घ्या, पान घ्या, मंत्र म्हणा. आम्ही थांबतो. आज कामाला सुट्टी आहे."

महाराजांनी पाऊण तास मंत्र म्हटले. इलाजच नव्हता. तेवढ्या वेळात कादंबरी खिडकीजवळ बसून तिथल्या बॅटरीला जुन्या पुठ्ठ्यानं वारा घालत होती. मंत्र नाही, माती नाही. मध्येच एका पोरानं विचारलं, "तू काय म्हणतेयस तोंडानं?" ती म्हणाली, "बाजारातून काय आणायचंय ते."

वेळ झाली. सात नंबर चार्जरला लावली: लाल-हिरवा, लाल-हिरवा. खराब ती खराब. खिडकीतली बॅटरी कादंबरीनं, शाँखा नसलेल्या त्याच हातानं, दुसऱ्या चार्जरला लावली. हिरवा दिवा. स्थिर.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मग महाराज उठले, "इथं अश्रद्धा फार आहे, माझी साधना भंगली," म्हणाले आणि तांब्याची माळ सावरत निघाले. शिष्यानं मातीची परात उचलली. अडवावं असं कुणालाच सुचलं नाही.

तारापद अजून सात नंबर हातात धरून उभा होता. "पण बौदी, बॅटऱ्या मेल्या त्या खऱ्याच ना? चार मेल्या. त्या कुणी मारल्या?"

मी स्टुलावर चढून कपाटाची दारं उघडली. "हात घाल आत."

त्यानं घातला आणि झटकन काढला.

"हे मी केलं. देवाची सेवा म्हणून केलं, पण न बघता केलं. उन्हाळाभर रोज दोन वेळा आपण कढत बॅटरी या भट्टीत कोंडली. उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य झिजतं, आणि झिजलेलं परत येत नाही. ना महाराजांच्या मंत्रानं, ना माझ्या हळदकुंकवानं. कादंबरीचा यात काहीही संबंध नाही. ती फक्त मी सांगितलेल्या जागी ठेवत होती."

"आणि तुम्ही?" कादंबरी पोरांकडे वळली. "ड्रिल कण्हायला लागला तरी बोट काढत नाही. पार बंद पडेपर्यंत दाबून धरता. त्या लहानग्या ड्रिलला पांढऱ्या सिमेंटची बादली ढवळायला लावता, मग तापणार नाही तर काय होईल? दुपारी तशीच उन्हात छपरावर टाकून येता. जोर कमी झाला की लगेच काढायची, अर्धा तास सावलीत निवू द्यायची, मग चार्जिंग. वापरायची नसेल तर अर्धी भरून गार जागी ठेवायची. एवढं करा, मग बघू कुणाच्या हाताला काय चिकटलंय ते."

"तुला हे सगळं कुठून कळलं?" तारापदनं विचारलं.

"काल श्रुतीनं चार्जरचं पुस्तक वाचून दाखवलं. डब्यातच होतं. तुम्हाला कुणाला उघडायला वेळ नव्हता, महाराजांच्या रांगेत दोन-दोन तास उभं राहायला होता."

एक-दोघं हसले. ती हसली नाही. तारापदच्या समोर जाऊन तिनं कमरेची किल्ली काढली आणि तळहातावर धरली. "मला घालवायचं म्हणालास. घे. पण का घेतोयस, ते आता सगळ्यांसमोर सांग."

तारापदनं किल्लीकडे बघितलं, पण हात पुढं केला नाही. सात नंबर खाली ठेवून म्हणाला, "माझं चुकलं. पदरात घे, बोन."

बोन म्हणजे बहीण. सहा महिन्यांत त्यानं तिला प्रथमच काहीतरी नात्यानं हाक मारली होती.

कादंबरीनं किल्ली परत कमरेला लावली. "उद्या वेळेवर या," एवढंच म्हणाली.

*

देव मी आता पूर्वेच्या भिंतीला, मोकळ्या फळीवर हलवलाय. चार्जर खिडकीखाली, वाऱ्याला. मेलेल्या चार बॅटऱ्या मेल्या त्या मेल्या, पण त्यानंतर पाचवी गेलेली नाही. आणि माझी माळ आजही चुकत नाही. पण चीड मात्र जात नाही. कारण विद्युतानंद महाराज आता बराकपूरला असतात. तिथं म्हणे गर्दी दुप्पट आहे, आणि रांगेत आमच्या शेजारच्या शेडमधली दोघं होती, त्या दिवशी सगळं डोळ्यांनी बघून गेलेली! विचारलं तर म्हणाले, "बौदी, तुमच्याकडे जमलं नाही, म्हणून का कुठंच जमणार नाही?"

या माणसांना काय सांगावं? तरी सांगते, कारण त्या रविवारी मीही हात जोडून उभी होते, आणि त्यातूनच एका बाईच्या पोटावर पाय येणार होता. श्रद्धा ठेवायला माझी काहीच हरकत नाही, मी ठेवतेच. पण जी श्रद्धा शेजारच्या माणसाला अपशकुनी ठरवायला सांगते, ती देवाची नव्हे, ती आपल्या आळसाची. एखादी वस्तू बिघडली तर आधी ती वस्तू बघा. ती कुठं ठेवली, कशी वापरली, काय बदललं, किती तापली. डब्यातलं पुस्तक वाचा. वाचता येत नसेल तर वाचणाऱ्याला विचारा. दोन वस्तू शेजारी ठेवा, एकीवर मंत्र म्हणा, दुसरीवर म्हणू नका, आणि काय होतं ते स्वतः बघा. पाऊण तास लागतो. तेवढा वेळ आपल्याकडे असतो.